करमत नाही, म्हणजे नेमकं किती?

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाब मोजायला दंडाला गुंडाळायचा पट्टा आहे, साखर मोजायला बोटाला टोचायची सुई आहे. पण घरातले आजोबा दोन महिन्यांपासून गप्प आहेत, पेपर उघडतात आणि त्याच पानावर तासभर बसून राहतात, नातवंडं आली तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, हे कशानं मोजायचं? आणि मोजायचंच कशाला, असंही कुणी विचारेल. वय झालं की माणूस थोडा मागे मागे राहायचाच, अशी आपली समजूत असते.

ही समजूतच घातक आहे. म्हातारपण म्हणजे उदासीनता नव्हे. सत्तरी-ऐंशीतली कितीतरी माणसं आनंदात असतात. ज्यांना नैराश्याचा आजार होतो, त्यांतल्या बहुतेकांना उपचारांनी आराम पडू शकतो. पण त्यासाठी आधी आजार ओळखायला हवा. कुणाला आहे, किती आहे, औषधानं किंवा समुपदेशनानं कमी होतोय का, हे सांगता यायला हवं. त्यासाठी मोजमाप लागतं. मी मानसशास्त्राची अभ्यासक आहे. ज्येष्ठांच्या मुलाखती घेण्यात आणि मुलाखती घेणाऱ्यांना शिकवण्यात माझी वीसेक वर्षं गेली. त्या अनुभवातून हे मोजमाप कसं होतं आणि ते कुठे घसरतं, हे आज सांगणार आहे.

आधी एक आकडेवारी. आपल्या देशात २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाविषयी एक फार मोठं सर्वेक्षण झालं. मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं त्यात पुढाकार घेतला होता. पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना त्यात प्रश्न विचारले गेले, आणि त्यांतले ३१ हजारांहून अधिक साठीच्या पुढचे होते. २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात साठीच्या पुढच्या लोकांना विचारलं होतं, 'डॉक्टरांनी तुम्हाला नैराश्य असल्याचं कधी सांगितलंय का?' 'हो' म्हणणारे निघाले शंभरात एकाहूनही कमी, ०.८ टक्के. त्याच लोकांना लक्षणांविषयी ठरावीक पद्धतीनं प्रश्न विचारले, तेव्हा गंभीर नैराश्याची शक्यता दिसणारे निघाले ८.३ टक्के, म्हणजे दहापट! आणि गेल्या आठवड्यातल्या भावनांविषयी दहा प्रश्नांची तिसरी एक मोजपट्टी लावली, तेव्हा नैराश्याची लक्षणं दिसणाऱ्यांचं प्रमाण चौथाईच्याही वर गेलं.

माणसं तीच, सर्वेक्षण तेच, आणि उत्तरं तीन. मग खरं कुठलं? खोटं कुठलंच नाही. पहिला प्रश्न किती जणांचा आजार डॉक्टरांपर्यंत पोचला हे मोजतो. दुसरा गेल्या वर्षभरात आजाराचा सलग झटका येऊन गेला का, हे पाहतो. तिसरा आत्ता मनावर किती मळभ आहे, ते पाहतो. म्हणून 'इतके टक्के ज्येष्ठ निराश' असं वाचलं, की कशानं मोजलं हे आधी विचारावं.

आता मोजपट्टी चांगली की वाईट, हे कसं ठरवतात? त्याच्या दोन कसोट्या आहेत. समजा, तुमच्या घरी वजनकाटा आहे. त्यावर पाच मिनिटांत तीनदा उभं राहिलात आणि तिन्ही वेळा वेगळं वजन दाखवलं, तर तो काटा भरवशाचा नाही. ही झाली विश्वसनीयता. दुसऱ्या काट्यावर तिन्ही वेळा तेच वजन आलं, पण ते खऱ्या वजनापेक्षा चार किलोंनी जास्त आहे. हा काटा भरवशाचा आहे, पण खरा नाही. ही झाली यथार्थता. मनाच्या मोजपट्टीला दोन्ही हवं. आज मी विचारलं आणि उद्या दुसऱ्या बाईंनी विचारलं, तरी उत्तर साधारण तेच यायला हवं. आणि जे मोजतोय ते नैराश्यच असायला हवं, गुडघेदुखी नको.

गुडघेदुखीचा उल्लेख मी गमतीनं केलेला नाही. मॅक्स हॅमिल्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६० मध्ये नैराश्य मोजण्याची एक श्रेणी तयार केली. ती जगभर वापरली जाते. तिच्यातल्या सतरा बाबींपैकी तीन नुसत्या झोपेविषयी आहेत. झोप लवकर लागत नाही का, मध्ये मोडते का, पहाटे लवकर जाग येते का? तिशीतल्या माणसाला हे विचारणं ठीक. पण मधुमेहामुळे किंवा प्रोस्टेटच्या त्रासामुळे रात्रीतून चारदा उठणाऱ्या पंचाहत्तरीच्या गृहस्थांचं काय? भूक कमी, थकवा, वजन घटणं, या सगळ्या गोष्टी नैराश्यातही होतात आणि हृदयविकारात, क्षयात, सांधेदुखीतही होतात. त्यामुळे शरीरानं आजारी असलेला माणूस कागदावर उदास दिसू लागतो.

ही अडचण ओळखून अमेरिकेत जेरोम येसावेज, टी. एल. ब्रिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास ज्येष्ठांसाठी एक प्रश्नावली बनवली. ती १९८२-८३ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभर प्रश्नांतून पारखून त्यांनी तीस निवडले. झोप, भूक, वजन यांविषयीचा एकही प्रश्न त्या तीसांत नाही. उत्तरंही फक्त 'हो' किंवा 'नाही', म्हणजे थकलेल्या माणसाला पाच पर्यायांत घोळायला नको. १९८६ मध्ये तिची पंधरा प्रश्नांची आवृत्ती आली. पाच-सात मिनिटांत ती विचारून होते. पंधरापैकी पाचाच्या वर गुण गेले, तर अधिक तपासणी करावी, असा साधारण संकेत आहे.

पण शारीरिक प्रश्न वगळले की दुसरी बाजू उघडी पडते. आपल्याकडे मनाचं दुखणं पुष्कळदा शरीराच्याच भाषेत सांगितलं जातं. 'जीव घाबरा होतो', 'छातीत धडधडतं', 'अंगातलं बळच गेलंय', 'डोकं बधिर झालंय'. ही वाक्यं घेऊन आजी महिनोन्‌महिने दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतात. शारीरिक तक्रारी मोजल्या तर आजारी माणूस उदास ठरतो आणि सोडून दिल्या तर उदास माणूस निसटतो. यावर सोपा तोडगा नाही. चांगला मुलाखतकार म्हणूनच तक्रार टिपून घेतो आणि पुढे विचारतो, 'हे कधीपासून? तेव्हा घरात काय घडलं होतं? गुडघा दुखत नसतो त्या दिवशी तरी बरं वाटतं का?'

आता भाषेकडे येऊ या. मला स्वतःला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परक्या भाषेतली प्रश्नावली मराठीत आणायची, तर आधी भाषांतर करतात. मग दुसरी व्यक्ती मूळ प्रश्न न पाहता त्याचं उलट भाषांतर करते, आणि दोन्ही ताडून पाहतात. पण एवढ्यानं भागत नाही. 'नैराश्य' हा शब्द पुस्तकातला. तो ऐकल्यावर आजी म्हणतात, 'निराशा कसली, सगळं देवानं दिलंय.' 'उदास' शब्द कळतो, पण स्वतःबद्दल सहसा वापरत नाहीत. त्यापेक्षा 'करमत नाही' हा आपला शब्द पाहा. त्यात एकटेपण आहे, कशातच रस न वाटणं आहे, वेळ खायला उठणं आहे. नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी रस जाणं हे एक, आणि ज्येष्ठांमध्ये पुष्कळदा दुःखापेक्षा तेच ठळकपणे दिसतं. अशी माणसं रडत नाहीत, 'वाईट वाटतं' असं म्हणतही नाहीत. आवडीच्या गोष्टी फक्त एकेक करून सोडून देतात. अशा वेळी 'अलीकडे कशात करमत नाही का?' हा प्रश्न 'तुम्ही दुःखी आहात का?' यापेक्षा कितीतरी जवळचा.

मात्र या प्रश्नातही एक खोच आहे. 'करमत नाही का?' असं विचारलं, की एक आजी म्हणतात 'हो', आणि दुसऱ्या म्हणतात 'नाही'. दोघींना म्हणायचं असतं एकच, करमत नाही! नकारार्थी प्रश्नाला आपण मराठीत दोन्ही तऱ्हांनी होकार देतो. कागदावर मात्र एकीला गुण मिळतो आणि दुसरीला मिळत नाही. त्यातच पंधरा प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत दहा प्रश्नांना 'हो' म्हटलं तर गुण धरतात आणि पाचांना 'नाही' म्हटलं तर. म्हणून मराठीत प्रश्न शक्यतो होकारार्थी ठेवावा, आणि उत्तर आलं की पुन्हा पक्कं करून घ्यावं, 'म्हणजे करमत नाही म्हणता ना?'

दुसरा शब्द 'समाधान'. आयुष्याबद्दल समाधान आहे का, हा अशा प्रश्नावल्यांतला नेहमीचा प्रश्न. पण आपल्याकडे समाधान 'वाटणं' वेगळं आणि समाधान 'मानणं' वेगळं. मानणं हा संस्काराचा भाग आहे. जे मिळालं त्यात समाधान मानावं, हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. त्यामुळे ज्यांच्या डोळ्यांत पाणी आहे, अशाही आजी ठामपणे सांगतात, 'समाधान आहे हो.' त्या खोटं बोलत नसतात. प्रश्न भावनेविषयीचा होता आणि उत्तर मूल्याविषयीचं आलं, इतकंच.

तिसरी गोष्ट मरणाची. 'देवानं आता न्यावं' हे वाक्य आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सहज येतं. पुष्कळदा त्यात कृतार्थता असते, कधी थट्टाही असते. पण कधी कधी त्यामागे स्वतःला संपवण्याचा विचार दडलेला असतो. प्रश्नावलीला हा फरक कळत नाही, विचारणाऱ्याला कळावा लागतो. म्हणून पुढचा प्रश्न टाळू नये. 'न्यावं असं वाटतं, की आपणच काही करावं असंही मनात येतं?' असं सरळ, शांतपणे विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, अशी भीती अनेकांना वाटते. तिला आधार नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मन मोकळं होतं.

कुठे आणि कुणासमोर विचारलं, यावरही सगळं अवलंबून असतं. एका गावात एसटीतून निवृत्त झालेले एक चालक होते. घरी ओसरीवर मुलगा आणि सूनबाई बसलेल्या असताना आमच्या मुलाखतकारानं त्यांना प्रश्न विचारले. गुण आले पंधरापैकी तीन. दोन दिवसांनी विश्वसनीयता पडताळण्यासाठी दुसऱ्या मुलाखतकारानं त्यांना पुन्हा गाठलं, तेव्हा ते पारावर एकटेच बसले होते. गुण आले अकरा. दोन दिवसांत आजोबा बदलले नव्हते. घरात 'मी ओझं झालोय असं वाटतं' हे उत्तर त्यांना देताच येत नव्हतं, कारण ते मुलाच्या पदरात दोष घातल्यासारखं झालं असतं. पारावर त्यांनी पत्नी गेल्यापासूनचं सगळं सांगितलं. पुढे त्यांना तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, उपचार सुरू झाले, आणि काही महिन्यांनी ते भजनी मंडळात पुन्हा पखवाज घेऊन बसू लागले. पहिल्याच गुणांवर आम्ही थांबलो असतो, तर आमच्या तक्त्यात ते 'निरोगी' म्हणूनच राहिले असते.

कानाचंही असंच. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना चाळीतल्या खोलीत ओरडून विचारायचं, 'जगणं व्यर्थ वाटतं का?' सगळा मजला ऐकतो आणि आजोबा 'छे, छे' म्हणतात. अशा वेळी मोठ्या अक्षरांतला कागद हवा, किंवा खोलीचं दार तरी लावून घ्यावं.

काळाचा हिशेबही जपून करावा लागतो. काही प्रश्नावल्या गेल्या आठवड्याविषयी विचारतात. २००१ मध्ये आलेली नऊ प्रश्नांची एक लोकप्रिय प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारते, आणि 'किती दिवस असं झालं' असे चार पर्याय देते. ज्यांच्या घरात तारखेवर दिवस मोजत नाहीत, त्यांना 'गेले दोन आठवडे' म्हणजे काय कळणार? आम्ही म्हणायचो, 'मागच्या एकादशीपासून आजपर्यंत', किंवा आठवड्यासाठी 'मागच्या बाजारापासून'. पुढ्यात चौदा चिंचोके ठेवून 'वाईट गेलेल्या दिवसांचे बाजूला काढा' असंही सांगायचो. अशी सोय करावी, पण ती सर्वांसाठी सारखी करावी, आणि बदललेली पद्धत नव्यानं पारखून घ्यावी. एकानं चिंचोके वापरले आणि दुसऱ्यानं नाही, तर दोघांचे गुण एका रांगेत मांडता येत नाहीत.

हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या न्यू हेवन इथल्या पासष्टीपुढच्या लोकांचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याची एकूण पातळी सारखी असली, तरी 'रडू येतं' या प्रश्नाला पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त प्रमाणात होकार देतात, असं त्यात दिसलं. लोक आपल्याशी नीट वागत नाहीत, अशा आशयाच्या प्रश्नांना कृष्णवर्णीय ज्येष्ठांचा होकार जास्त होता. त्यांच्या बाबतीत ते आजाराचं लक्षण मानायचं, की अनुभवाचं कथन? आपल्याकडेही 'इतर लोक आपल्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहेत असं वाटतं का' हा प्रश्न शेतमजूर आजींना विचारून पाहा. त्या 'हो' म्हणतील, आणि ते अगदी खरं असेल. आपल्या देशात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अशा प्रश्नावलीची हिंदी आवृत्ती तयार झाली. तिचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बहुतेक ज्येष्ठांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे कागद हाती देऊन 'भरा' म्हणण्याची सोयच नव्हती.

स्मृतिभ्रंश असेल तर पेच आणखी वाढतो. गेला आठवडा आठवतच नसेल, तर उत्तर कुठून येणार? त्यासाठी १९८८ मध्ये एकोणीस बाबींची कॉर्नेल श्रेणी आली. तिच्यात काळजी घेणाऱ्या माणसाला विचारतात, रुग्णाचंही निरीक्षण करतात आणि दोन्हींचा मेळ घालतात. घरच्यांचं निरीक्षण इथे फार मोलाचं असतं.

आता थोडं गणित. एखादी प्रश्नावली शंभर आजाऱ्यांपैकी ऐंशी ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी ऐंशी जणांना बरोबर 'निरोगी' म्हणते, असं धरू. ऐकायला छान वाटतं. एका गावात हजार ज्येष्ठ आहेत आणि त्यांतले शंभर खरोखर आजारी आहेत. प्रश्नावली त्या शंभरांतले ऐंशी पकडेल. उरलेल्या नऊशे निरोगी लोकांतल्या एकशे ऐंशी जणांवरही ती बोट ठेवेल. म्हणजे एकूण दोनशे साठ जण 'सापडले', आणि त्यांत खरे आजारी ऐंशी, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय वीस आजारी निसटले ते वेगळेच. म्हणून प्रश्नावली ही चाळणी आहे, निदान नाही. चाळणीतून आलेल्या प्रत्येकाशी जाणकारानं बसून बोलायला हवं. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, चालू असलेली औषधं हेही पाहायला हवं. गुण पाहून थेट गोळ्या देणं चूक, आणि गुण कमी आले म्हणून डोळ्यांपुढची उदासी नाकारणं हीसुद्धा चूकच.

उपचारांनंतरचे गुणही जपून वाचावेत. रक्तदाब जसा दिवसभरात वरखाली होतो, तसे हे गुणही एखाद-दुसऱ्यानं हलतात. नऊ प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत सत्तावीसपैकी पाच गुणांचा फरक पडला, तर तो दखल घेण्याजोगा मानतात. एका गुणानं खाली आले म्हणून पेढे वाटू नयेत आणि एका गुणानं वर गेले म्हणून औषध बदलायला धावू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर शेजारच्या गोव्यानं दिलं आहे. तिथे डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी साठीपुढच्या १८१ जणांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या लोकांना सौम्य लक्षणं होती, पूर्ण आजार नव्हता. निम्म्यांच्या मदतीला प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक गेले. हे डॉक्टर नव्हते. अडचणी सोडवायला मदत, झोपेच्या सवयी, मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी आणि सरकारी योजनांची माहिती, असं त्यांच्या कामाचं स्वरूप होतं. वर्षभरात नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात सुमारे १४ टक्के लोकांना गंभीर नैराश्य आलं. समुपदेशन मिळालेल्या गटात ते ४ टक्क्यांच्या आसपास राहिलं. सौम्य लक्षणं वेळेवर मोजली गेली, म्हणून पुढचा आजार टाळता आला.

श्रोतेहो, तुम्ही घरी प्रश्नावली घेऊन आई-वडिलांसमोर बसा, असं मी सांगणार नाही. मुलासमोर उत्तरं कशी बदलतात, ते आत्ताच सांगितलं. तुम्ही दुसरं काही करू शकता. त्यांना आधी काय आवडायचं आणि त्यातलं काय सुटलंय, याकडे लक्ष ठेवा. ते सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ सुटलं असेल, तर डॉक्टरांना ते तारखेसह सांगा. 'वयच झालंय' म्हणून डॉक्टरांनी विषय संपवला, तर नैराश्याची तपासणी कराल का, असं नम्रपणे पण स्पष्टपणे विचारा. तपासणीच्या वेळी थोडा वेळ खोलीबाहेर थांबा आणि त्यांना एकट्याला बोलू द्या. मनाच्या दुखण्याविषयी बोलायचं असेल, तर २०२२ पासून टेलीमानस ही सरकारी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं कानावर आलं, तर मात्र वाट पाहू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

आणि जे तरुण सर्वेक्षणासाठी किंवा आरोग्यसेवेसाठी दारोदार जातात, त्यांना एक विनंती. आजी-आजोबांना प्रश्न विचारताना कागदावरच्या चौकोनाकडे पाहू नका, त्यांच्याकडे पाहा. उत्तराला वेळ लागतो, तो लागू द्या. तो वेळ दिलात, तर तुम्ही लिहिलेल्या आकड्यावर डॉक्टरांना भरवसा ठेवता येईल.